मराठवाड्यात बसून जर्मन मेकॅनिकल घड्याळं जमवायची तर सुरुवात कुठून करावी

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या. खरेदी सुमारे पासष्ट कोटींची होती आणि देशभर तिची चर्चा झाली. म्हणजे जर्मन यंत्राची हौस आपल्या भागाला नवी नाही. फक्त त्या खरेदीतली युक्ती घड्याळांना चालत नाही. गाडी घाऊक घेता येते, भाव पाडता येतो, बिघडली तर कंपनीचा माणूस दारात येतो. दुर्मीळ घड्याळ एकेक नग म्हणून मिळतं, आणि ते बंद पडलं की संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणी कुठंही त्याला कंपनीच्या रीतीने उघडणारा माणूस सापडणं कठीण असतं.

म्हणून या लेखातला क्रम नेहमीपेक्षा उलटा आहे. आधी दुरुस्ती कुठं होणार ते ठरवायचं, मग घड्याळ. पुण्या-मुंबईच्या संग्राहकाला हा क्रम मोडता येतो, आपल्याला परवडत नाही.

पहिली पायरी : भिंतीवरच्या जर्मनाशी ओळख

मनगटावरचं काही घेण्याआधी गावाकडच्या वाड्यात, आजोळी, जुन्या पेढीत लंबकाचं टोल देणारं घड्याळ आहे का बघा. निजामाच्या राजवटीपासून मराठवाड्यात अशी घड्याळं येत राहिली आणि त्यांतली पुष्कळशी जर्मन आहेत. डायलवर किंवा मागच्या पितळी पत्र्यावर खूण शोधायची. आठ टोकांचा तारा आणि आत ‘J’ हे इंग्रजी अक्षर असेल तर ते युंगहान्स. ही ब्लॅक फॉरेस्टमधल्या श्रामबर्ग गावची कंपनी १८६१ पासूनची. जी आणि बी ही अक्षरं दिसली तर बहुधा गुस्ताव बेकर, सिलेशियातला, म्हणजे आजच्या पोलंडमधला. एकमेकांवरून गेलेले दोन बाण हॅम्बर्ग अमेरिकन कंपनीचे.

लांगेसारखं महागडं जर्मन घड्याळ घ्यायला निघालेल्या माणसाला भिंतीवरच्या घड्याळाकडे का वळवतो असं वाटेल. कारण साधं आहे. पत्र्यावरचा नंबर वाचणं, डायल नंतर रंगवलाय का ओळखणं, काटे मूळचे आहेत की दुसऱ्या घड्याळाचे, पेटी एकाची आणि मशीन दुसऱ्याचं असं लग्न लावलंय का हे बघणं, ही सगळी नजर इथं फुकटात तयार होते. पुढे हीच नजर लाखांचा निर्णय घेते.

याच्या जोडीला चावी द्यायचं एक एचएमटी घ्या, जनता किंवा पायलट. बंगळूरला १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्याने सुरू झालेल्या त्या कारखान्याची मशीन बहुतेक घड्याळजी डोळे मिटून उघडतात. तुमच्यासमोर उघडायला सांगा, बॅलन्स (मागे-पुढे झुलणारं चाक) कुठं, ज्वेल (चाकांचे आस टेकतात ते खडे) कुठं, मेन स्प्रिंग (चावीने भरते ती) कुठं ते विचारा. एक सावधगिरी मात्र हवी. नवाकोरा चकचकीत डायल, भडक हिरवा-निळा-केशरी रंग आणि घड्याळ पन्नास वर्षांचं असा माल जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणून ओळखतात. तो ओळखता आला तर तुमची पहिली इयत्ता पास.

दुसरी पायरी : घड्याळजी शोधा, मग पैसे मोजा

संभाजीनगरच्या गुलमंडी, पैठण गेट, सिटी चौक या भागात, लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास, नांदेडच्या जुन्या बाजारात अजून चांगले घड्याळजी बसतात. त्यांतले बरेच आता सेल बदलण्यावर आणि पट्टे विकण्यावर पोट भरतात, कारण मेकॅनिकल काम येतच नाही. त्यांच्यातला कामाचा माणूस दुकानाच्या पाटीवरून ओळखू येत नाही. त्याला एचएमटीचं सर्व्हिसिंग द्या आणि चार गोष्टी बघा. मशीन पूर्ण सुटं करून धुतो की नुसतं तेल सोडतो? स्क्रूच्या खाचा ओरबाडल्या का? डायलला बोट लावतो का? घड्याळाची चाल मोजणारा टाइमग्राफर आहे का? शेवटचं यंत्र नसेल तर तुम्हीच घ्या, चायना मेड चालतं, आणि त्याच्या बाकावर नेऊन ठेवा. असा चाचा-काका एकदा गवसला की संग्रहाचा पाया बसला. मी तर म्हणेन, त्याच्याशी नातं जोडण्यात पहिले सहा महिने गेले तरी काही बिघडत नाही.

पण त्याची मर्यादाही स्पष्ट हवी. साधं तीन काट्यांचं स्विस बनावटीचं मशीन तो उत्तम करेल. क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ, सगळ्यांना जमत नाही. लांगेचं मशीन त्याच्यापुढे ठेवायचंच नाही, तो कितीही हात जोडून मागू दे.

आपल्याकडे आणखी एक जमेची बाजू आहे. चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे, वाळूज-शेंद्र्यात मायक्रॉनमध्ये बोलणारी हजारो माणसं आहेत. तिथला टूलमेकर घड्याळ दुरुस्त करणार नाही, पण घासलेली कड मशीनवर झाली की हाताने, पॉलिश करताना कोपरे गोल झाले का, हे तो भिंगातून तुमच्यापेक्षा आधी सांगेल. असा मित्र असेल तर त्याला या नादाला लावा.

तिसरी पायरी : जर्मनी म्हणजे एकच गाव नव्हे

पैसे जातात ते सगळ्यात जास्त ग्लासह्युटेच्या घड्याळांवर, म्हणून ते नीट समजून घ्यायला हवं. सॅक्सनीत ड्रेस्डेनजवळ डोंगरातलं हे गाव. चांदीच्या खाणी आटल्या आणि गाव भिकेला लागलं. ७ डिसेंबर १८४५ रोजी फर्डिनांड अडॉल्फ लांगे याने तिथं कारखाना काढला. सॅक्सनीच्या सरकारने त्याला ७८२० थालरचं (तेव्हाचं जर्मन नाणं) कर्ज दिलं ते पंधरा स्थानिक पोरांना शिकवून तयार करण्याच्या अटीवर. पुढे अठरा वर्षं तो गावचा महापौरही होता. मागास भागात एक कसब रुजवलं तर काय होतं याचं हे उदाहरण, आणि आपल्या अनुशेषाच्या भाषणांत ते कुणी कधी देत नाही याचं मला नवल वाटतं.

८ मे १९४५ ला, युद्धाच्या शेवटच्या दिवशी, लांगेच्या इमारतीवर बॉम्ब पडले. १९४८ मध्ये सोव्हिएत ताब्यातल्या पूर्व भागात कंपनी सरकारजमा झाली आणि १९५१ मध्ये गावातले सगळे कारखाने एकत्र करून सरकारी कंपनी बनवली. तिची घड्याळं जीयूबी या अक्षरांनी ओळखली जातात. बर्लिनची भिंत पडल्यावर ७ डिसेंबर १९९० रोजी, म्हणजे स्थापनेच्या बरोबर १४५ वर्षांनी, फर्डिनांडचे पणतू वॉल्टर लांगे यांनी नाव पुन्हा नोंदवलं. २४ ऑक्टोबर १९९४ ला ड्रेस्डेनच्या राजवाड्यात पहिली चार घड्याळं मांडली : लांगे १, सॅक्सोनिया, आर्केड आणि टूर्बियॉन पूर ल मेरीट. आजच्या संग्राहकाचं सगळं जग या चारांपासून सुरू होतं.

ग्लासह्युटेचं मशीन ओळखायच्या खुणा पाठ करा. मशीनचा पाऊण भाग झाकणारी एकच प्लेट. ती जर्मन सिल्व्हरची, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेलच्या मिश्रणाची. लांगे तिला मुलामा देत नाही, त्यामुळे काळानुसार ती किंचित पिवळसर होते. सोन्याच्या कड्यांत बसवलेली ज्वेल, त्यांना तापवून निळे केलेले स्क्रू, हंसाच्या मानेसारखी वळलेली रेग्युलेटर स्प्रिंग आणि हाताने कोरलेला बॅलन्स कॉक, म्हणजे बॅलन्स धरून ठेवणारी पट्टी. हे कोरीवकाम माणूस करतो, त्यामुळे कुठलेही दोन कॉक अगदी सारखे नसतात. डायलवर ‘ग्लासह्युटे’ लिहायचं तर मशीनच्या मूल्यातला निदान निम्मा वाटा त्या गावातच तयार व्हावा लागतो. जुन्या प्रथेतून आलेल्या या नियमाला २०२२ मध्ये जर्मनीत कायद्याचं पाठबळ मिळालं.

बाकीचा नकाशा थोडक्यात. प्फोर्झहाइम हे लाको आणि स्टोवाचं गाव, पायलट घड्याळांसाठी. फ्रँकफर्टला सिन, हेल्मुट सिन नावाच्या वैमानिकाने १९६१ मध्ये सुरू केलेली. श्रामबर्गचं युंगहान्स वर आलंच. रूला हे थुरिंजियातलं गाव, तिथली पूर्व जर्मन घड्याळं स्वस्त पिन लिव्हर (ज्वेलऐवजी धातूच्या पिना असलेल्या) मशीनची. ‘जर्मन व्हिंटेज’ या मथळ्याखाली ती ग्लासह्युटेच्या भावात गळ्यात मारतात, एवढं लक्षात ठेवा.

चौथी पायरी : पहिलं घड्याळ

इथं माझं मत ठाम आहे. पहिलं जर्मन घड्याळ चावीचं घ्या, पेझो ७००१ वर चालणारं. हे पातळ, साधं स्विस मशीन जगात भरपूर आहे, त्याचे भाग मिळतात आणि आपला चाचा ते सोडवू शकतो. नोमोस ही कंपनी रोलांड श्वेर्टनर यांनी भिंत पडल्यावर काही आठवड्यांतच, जानेवारी १९९० मध्ये काढली. तिची १९९२ ची टँजेंट सुरुवातीला याच मशीनवर होती आणि नंतरचं अल्फा मशीनही त्याच धर्तीचं आहे. मात्र नोमोसच्या नव्या ऑटोमॅटिक मॉडेलांत बॅलन्सपासून पुढचा सगळा संच कंपनी स्वतः बनवते. तो बिघडला तर परत जर्मनीच. दुसरा पर्याय म्हणजे मॅक्स बिलने आखलेलं युंगहान्सचं हातचावीचं घड्याळ. हे डिझाइन १९६१ पासूनचं, मशीन तेच पेझो कुळातलं. ज्यांना रोज कारखान्यात जायचं आहे त्यांच्यासाठी सिनचं ५५६ किंवा १०४. त्यांत सेलिटा या स्विस कंपनीचं मशीन असतं, तेही घरच्या घरी होण्यासारखं.

ही घड्याळं साधारण एक-दोन लाखांच्या पट्ट्यात, वापरलेली त्याहून कमीत. वर्षभर ते एकच वापरा.

पाचवी पायरी : दुर्मीळ कशाला म्हणायचं

विकणाऱ्याच्या तोंडी प्रत्येक घड्याळ दुर्मीळ असतं. केसवर, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचावर, ‘पन्नासपैकी सतरावं’ असं कोरल्याने काही दुर्मीळ होत नाही, कंपन्या दर महिन्याला असे पन्नास काढतात. माझ्या लेखी दुर्मीळ म्हणजे जे आता बनत नाही, ज्याचे मूळ भाग शाबूत आहेत आणि ज्याचा इतिहास कागदावर दाखवता येतो. या तीनही अटी पुऱ्या करणारे काही कोपरे सांगतो.

सगळ्यात स्वस्त कोपरा जीयूबीचा. स्पेझिमॅटिक हे त्यांचं साठच्या दशकातलं ऑटोमॅटिक, त्यानंतरचं स्पेझिक्रॉन. पूर्व जर्मनीत ही मोठ्या संख्येने निघाली, पण न घासलेली केस आणि न रंगवलेला डायल असलेला नग शोधायला वेळ लागतो. भाग नवे मिळत नाहीत. म्हणून एक चांगलं आणि एक मोडकं अशी जोडी घ्यायची, मोडक्यातून भाग काढायचे. दुसऱ्या टप्प्यावरच्या संग्राहकाला यापेक्षा चांगली शाळा नाही.

त्यावरचा कोपरा वैमानिकांचा. जर्मन अंतराळवीर राइनहार्ड फुरर यांनी १९८५ च्या स्पेसलॅब डी १ मोहिमेत सिन १४० घातलं होतं. ट्युटिमाचं ७९८ त्याच दशकात जर्मन सैन्यातल्या वैमानिकांसाठी निघालं. दोन्हींत लेमानिया ५१०० हे मशीन. दणकट, पण बनणं केव्हाच थांबलेलं. घेण्याआधी ते उघडणारा माणूस मुंबईत का होईना पण नक्की करा.

दुसऱ्या महायुद्धातल्या निरीक्षण घड्याळांच्या नादाला नवख्याने लागू नये. ५५ मिलिमीटरची ही घड्याळं लांगे, वेम्पे, लाको, स्टोवा आणि आयडब्ल्यूसी या पाच नावांनी निघाली, केसच्या बाजूला एफएल २३८८३ हा शिक्का असतो. नकली माल इतका आहे की शिक्का असणं हा पुरावाच राहिलेला नाही. शिवाय त्या डायलवर रेडियमचा लेप आहे. काटे चमकायचे थांबले तरी किरणोत्सार थांबत नाही, त्याचं अर्धआयुष्य सुमारे १६०० वर्षं. असं घड्याळ घरी किंवा बाजारात उघडायचं नाही, आणि ‘डायल साफ करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात तर नाहीच. भुकटी श्वासात जाते.

आणि मग लांगे. नवी घ्यायची तर साध्यातल्या साध्या मॉडेलची सुरुवात पंचवीस लाखांच्या आगेमागे, वापरलेली बरीच खाली मिळतात. कंपनी वर्षाला काही हजारच घड्याळं बनवते. संग्राहकांचा जीव अडकतो तो नव्वदच्या दशकातल्या मालावर. लांगे १ ची अगदी सुरुवातीची, मागची बाजू बंद असलेली घड्याळं. आर्केड, जे आता बनत नाही. १९९९ चा डेटोग्राफ, ज्याच्या मशीनने स्विस कंपन्यांची झोप उडवली. लांगेचं स्टीलमधलं जुनं घड्याळ सोन्याच्यापेक्षा महाग निघू शकतं, कारण स्टीलमध्ये त्यांनी फारच थोडी बनवली. आपल्याकडे सराफ्यात वाढलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो.

सहावी पायरी : हातात आल्यावर काय बघायचं

केसवरचा नंबर, मशीनवरचा नंबर, कागदावरचा नंबर. जुळत नसतील तर चहा प्यायचा आणि उठायचं. लांगेच्या बाबतीत कंपनीकडून तिच्या नोंदवहीचा उतारा मागवता येतो. विकणारा त्याला टाळाटाळ करत असेल तर तेही उत्तरच आहे.

मग केसचे कान, म्हणजे पट्टा अडकतो ती टोकं. पॉलिशच्या चाकावर फार वेळा चढलेल्या घड्याळाच्या कडा विरघळतात, मागची कोरीव अक्षरं उथळ होतात. एकदा गेलेला धातू परत येत नाही. जुन्या सोन्याच्या खिशातल्या घड्याळांत ‘सिस्टीम ग्लासह्युटे’ असं लिहिलेलं दिसलं तर सावध व्हा. तो बहुतेक वेळा ग्लासह्युटेची नक्कल करणारा स्विस माल असतो. खऱ्या लांगेचीच दुसऱ्या दर्जाची घड्याळं ‘डॉइचे उरेनफाब्रिकात्सिओन’ या नावाने निघत. ती अस्सल असतात, पण भाव पहिल्या दर्जाचा देऊ नका.

टाइमग्राफरवर पूर्ण चावी दिलेल्या, डायल वर ठेवलेल्या घड्याळाचं अॅम्प्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स किती झुलतो ते, २७० ते ३१० अंशांत असावं. २२० च्या खाली असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करून बोला. तासाला १८००० ठोके देणाऱ्या जुन्या मशीनला थोडी सूट द्यायला हरकत नाही. टाइमग्राफरमध्ये लिफ्ट अँगल (प्रत्येक मशीनचा ठरलेला कोन) त्याच मशीनचा भरलाय ना तेही बघा, नाहीतर आकडा खोटा येतो. नोमोसच्या ७००१ साठी तो ४४ अंश.

नुसत्या फोटोंवर घ्यायचंच झालं तर मागचं झाकण उघडून काढलेला, आजच्या तारखेचा कागद शेजारी ठेवलेला फोटो मागा.

सातवी पायरी : पैसे आणि कागद

दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतो. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख कुणी घेऊ शकत नाही. ‘बिलाशिवाय घ्या, स्वस्तात देतो’ हा प्रस्ताव घड्याळात सगळ्यात महाग पडतो, कारण पुढे विकताना तुमच्याकडे काहीच नसतं. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर विक्रेता एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, वसूल करतो. तो रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो.

परदेशातून मागवलं तर आयात शुल्क, त्यावर अधिभार, त्यावर जीएसटी असा थर चढतो. दर बदलत असतात, म्हणून सौदा ठरवण्याआधी त्या दिवशीचा दर कस्टम एजंटला विचारा आणि तो धरूनच किंमत ठरवा. मगरीच्या कातड्याचा पट्टा असेल तर वन्यजीव परवान्याचा प्रश्न येतो आणि पार्सल अडकतं. विकणाऱ्याला पट्टा काढूनच पाठवायला सांगा, बक्कल तेवढं घ्या. किंमत कमी दाखवून पाठवतो म्हणाला तर नको म्हणा. पार्सल हरवलं तर विमाही तेवढ्याचाच मिळतो. स्वतः जर्मनीला गेलात तर दुकानातून घेतलेल्या नव्या घड्याळावरचा १९ टक्के व्हॅट विमानतळावर कागद शिक्का मारून घेतल्यास बराचसा परत मिळतो. वापरलेल्या घड्याळांवर तो बऱ्याचदा बिलात वेगळा दाखवलेलाच नसतो, त्यामुळे परताव्याचा हिशेब धरू नका. परतताना आपल्या विमानतळावर घड्याळ जाहीर करायचं.

आठवी पायरी : आपल्या हवेत सांभाळायचं

मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो तेव्हा बंद गाडीच्या डॅशबोर्डवर घड्याळ ठेवू नका, तेल आणि रबरी सील दोन्हींचं नुकसान. उन्हाळ्यात चामड्याचा पट्टा घामाने कुजतो, कापडी पट्टा लावा. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल.

कारखान्यातल्या मंडळींसाठी खास : सरफेस ग्राइंडरचं मॅग्नेटिक चक हे मेकॅनिकल घड्याळाचं मरण. हेअरस्प्रिंगच्या (बॅलन्सच्या बारीक स्प्रिंगच्या) घड्या एकमेकींना चिकटल्या की घड्याळ दिवसाला मिनिटांनी पुढे धावतं आणि माणूस ‘मशीन गेलं’ म्हणून घाबरतो. होकायंत्र जवळ धरा, सुई हलली तर डीमॅग्नेटायझरने काही सेकंदांत दुरुस्त. यंत्र स्वस्त मिळतं.

सर्व्हिसिंग साधारण पाच-सात वर्षांनी. लांगे बंद पडलं, तर अधिकृत विक्रेत्यामार्फत ग्लासह्युटेला जातं, महिनोन् महिने लागतात आणि बिल एखाद्या चांगल्या मोटारसायकलइतकं येऊ शकतं. हा खर्च घेतानाच बाजूला ठेवता येत नसेल तर तो नग अजून तुमचा नाही.

शेवटी एक यादी करा : प्रत्येक घड्याळाचं नाव, नंबर, घेतलेली किंमत, बिल कुठं ठेवलंय, दुरुस्तीला कुणाकडे द्यायचं. ती घरातल्या दोघांना माहीत असू द्या. जुन्या घराण्यांतली सोन्याची खिशातली घड्याळं वारसांनी सराफाकडे नेली, मशीन काढून टाकलं आणि केस वजनावर आटवली, असं पुष्कळ ठिकाणी झालंय. आणि विमा कंपनीला हीच यादी लागते. घरफोडीच्या पॉलिसीत मौल्यवान वस्तू वेगळ्या नोंदवल्या नसतील तर भरपाईला फार कमी मर्यादा असते, तेव्हा नूतनीकरणाच्या वेळी ती जोडून घ्या.